शिवलेला खिसा

बारामतीत ज्या घरी मी जेमतेम पाच महिने राहिलो, त्या घराच्या दाराबाहेर, रस्त्याच्या बाजूला, दोन आरसे टांगलेले होते. एक चेहऱ्याच्या उंचीवर आणि दुसरा जमिनीपासून वीतभर अंतरावर. पहिल्याचे प्रयोजन कोणालाही कळत असे. दुसऱ्याविषयी नवा माणूस हटकून विचारी. मग घरमालक, ज्यांना सारी गल्ली मास्तर म्हणत असे, उंबऱ्यात येऊन सांगत, "माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा तुम्ही त्याचे तोंड पाहता. परत जातो तेव्हा काय पाहता? टाचा. वरचा आरसा येण्यासाठी, खालचा जाण्यासाठी."

एका गुरुवारी बाजाराला निघालेल्या बैलाने खालच्या आरशात स्वतःला पाहिले आणि शिंग घातले. आरशाला उभा तडा गेला. गाडीवान हात जोडून उभा राहिला, पण मास्तरांचे लक्ष बैलाकडे होते. "हा अर्जदार नापास," ते गंभीरपणे म्हणाले. "समोर दुसरा उमेदवार दिसला की डोके खाली घालून धावायचे नसते." तडा गेलेला आरसा त्यांनी बदलला नाही. आम्हाला दाखवायला तो उपयोगी पडे.

मास्तर म्हणत असले, तरी त्यांनी कोणत्याही शाळेत कधी शिकवले नव्हते. त्यांची सारी नोकरी कालव्याच्या कचेरीत झाली आणि हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले. त्यांचे टेबल साहेबांच्या खोलीच्या दाराशीच असे. त्यामुळे नोकरी मागायला आलेला प्रत्येक तरुण त्यांच्या डोळ्यांसमोरून आत गेला आणि त्यांच्याच डोळ्यांसमोरून बाहेर आला. कोण कसा आत गेला आणि म्हणून कसा बाहेर आला, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. निवृत्तीनंतर त्या अभ्यासाची त्यांनी शाळा काढली, असे म्हणता येईल. तिला पाटी नव्हती आणि फी नव्हती. मागच्या खोलीत मॅट्रिक झालेली दोन-तीन मुले राहत. त्यांनी आडाचे पाणी शेंदायचे आणि संध्याकाळी मास्तरांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. दोन्ही कामे पाठ ताठ ठेवून.

या मुलांना ते नावाने हाक मारीत नसत. आम्ही सगळे 'अर्जदार' होतो. "अर्जदार, चहा निवतो आहे." "अर्जदार, तुमची टोपी कालच्यापेक्षा मळकी आहे." दोघे एकदम "ओ" देत, तेव्हा ते म्हणत, "नोकरी लागलेल्याला नाव असते. तोवर तुम्ही एकमेकांत वाटून घ्या." आणि खरोखरच, ज्या दिवशी नेमणुकीचा कागद हाती येई, त्या दिवशी ते त्या मुलाला प्रथम त्याच्या पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट, हाक मारीत. एक धिप्पाड मुलगा ती हाक ऐकून माझ्यादेखत रडला होता.

मी कऱ्हाटीचा. आमची जमीन जिरायती, घरात मी आणि थोरला भाऊ. वडील गेल्यावर दादाने औत धरले आणि मला बारामतीला शिकायला ठेवले. जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला, तेव्हा तो मास्तरांच्या घरापर्यंत मला सोडायला आला आणि आरशासमोर उभा राहून मला म्हणाला, "दिवाळीपातूर बघतो. लागली नोकरी तर लागली. न्हायतर गुमान औताला चल. बैलं दोन हायती, मानूस येकच हाय."

त्याचे म्हणणे रास्त होते. औताला मी कमी लेखत नव्हतो. परंतु अकरा वर्षे मी जे अक्षर आणि जे गणित घोटले होते, त्याला आमच्या बांधावर काही काम नव्हते, आणि एकदा औत धरल्यावर पुन्हा कोणी मला कचेरीच्या दारात उभे करणार नव्हते. दिवाळीपर्यंत पाच महिने होते. ते पाच महिने कसे वापरायचे, हे मला माहीत नव्हते, मास्तरांना होते.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला फक्त दारातून आत यायला शिकवले. ते टेबलामागे साहेब होऊन बसत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेत आणि एखादा जुना कागद उलटा धरून वाचू लागत. मी आत येई. ते वर पाहत नसत.

"पुन्हा. पाऊल आधी आले, माणूस नंतर आला."

मी पुन्हा येई.

"पुन्हा. तू आलास की चोर आला?"

"मास्तर, साहेब तर वर बघतच नाहीत. मग कसाही आलो तरी काय फरक पडतो?"

"साहेब कानांनी बघतो. दार आदळले की त्याला कळते, हा माणूस माझ्या फायली आदळणार. दार उघडे राहिले की कळते, हा काम अर्धे टाकून घरी जाणार. पुन्हा."

सातव्यांदा मी दार आवाज न करता लावले, दोन पावले पुढे येऊन थांबलो आणि ते बोलेपर्यंत बोललो नाही. तेव्हा त्यांनी उलटा कागद सुलटा केला. एवढीच शाबासकी.

दुसरा धडा मला अधिक जड गेला. रोज सकाळी मास्तर छत्री घेऊन एसटीच्या स्टँडवर जात. त्यांना कोठेही जायचे नसे. इंदापूरची गाडी लागली की ते कंडक्टरशी चार शब्द बोलत, गाडी सुटली की तिला हात करीत आणि परत येत. वाटेत पोस्टात डोकावत, एका दवाखान्याच्या कंपाउंडरला नमस्कार करीत, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी पाच मिनिटे बसत. गावात त्यांना थोडे सैल समजत. मुले मागून ओरडत, "मास्तर, गाडी चुकली!" मास्तर वळून सांगत, "उद्याची धरीन."

या फेरीनंतर ते एक वही उघडत. तिला ते माणसांची वही म्हणत. प्रत्येक माणसाला एक पान होते. पोस्टमास्तरांच्या पानावर लिहिले होते: 'मुलगी सासरहून आली आहे, प्रकृती विचारावी. स्वतः आरत्या रचतात. ऐकाव्यात, शेवटच्या कडव्यापर्यंत.' कंपाउंडरच्या पानावर: 'भाऊ सैन्यात. पत्र आले का, हे विचारावे. औषध फुकट मागू नये.' मी वही वाचून हसलो. मास्तर हसले नाहीत.

"माणसाकडे काम नसताना तीनदा जावे," ते म्हणाले, "मग काम असताना एकदा गेलेले चालते. लोक उलटे करतात. कामाला पहिल्यांदा जातात आणि मग तीनदा तोंड चुकवतात."

"पण हे मतलबीपणाचे नाही का, मास्तर? वहीत लिहून विचारपूस करायची?"

त्यांनी छत्री मांडीवर घेतली. प्रश्न अडचणीचा असला की ते छत्रीची मूठ पुसत. "माझी स्मरणशक्ती कमी आहे, म्हणून लिहितो," ते शेवटी म्हणाले. "विसरणे हे मतलबीपणापेक्षा मोठे पाप आहे."

नकार आला की आभाराचे कार्ड टाकायचे, हाही त्यांचाच नेम. ज्या साहेबाने परत पाठवले, त्यालाच लिहायचे: आपण वेळ दिलात, माझे कोठे कमी पडले ते मला समजले, पुन्हा संधी मिळाल्यास हजर राहीन. माझ्याआधीचा एक अर्जदार असे कार्ड लिहायला तयार नव्हता. मास्तरांनी त्याला तीन दिवस दोन्ही वेळची आरती म्हणायला लावली, "तेवढाच गळा नरम होईल" म्हणून. चौथ्या दिवशी त्याने कार्ड टाकले. महिन्याभराने त्याच साहेबाने त्याला दुसऱ्या जागेसाठी बोलावले, कारण नकार दिलेल्या मुलांपैकी एवढ्याचाच पत्ता साहेबाच्या टेबलावर होता.

आणि तिसरी गोष्ट, चिठ्ठी. त्या काळी आमच्या भागात नोकरी मागायला जाणारा माणूस कोणा ना कोणा वजनदार व्यक्तीची चिठ्ठी घेऊन जात असे. बागायतदाराची, पुढाऱ्याची, निदान साहेबाच्या मेहुण्याच्या मित्राची. 'पत्र घेऊन येणारा मुलगा आपल्याच घरचा समजावा' असा मजकूर असे. चिठ्ठी नसेल, तर माणसाला कपडे नसल्यासारखे वाटे. मास्तरांच्या घरी मात्र चिठ्ठीला बंदी होती. कारण विचारले तर ते एकच सांगत, "चिठ्ठी साहेबाच्या टेबलावर राहते आणि तू खुर्चीत एकटा उरतोस."

मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला ते आपला काळा कोट देत. तो कोट कोणालाच नीट बसत नसे. आतून टाचण्या लावून तो प्रत्येकापुरता आवळावा किंवा सैल करावा लागे. दौंडपासून इंदापूरपर्यंतच्या कचेऱ्या त्या कोटाने पाहिल्या होत्या. आम्ही म्हणत असू, मास्तरांना एकच नोकरी लागली, कोटाला वीस लागल्या. त्या कोटाचा आतला खिसा तोंडाशी घट्ट शिवून टाकलेला होता. टाके जुने आणि बारीक होते. शिंप्याचे नव्हते, कोणीतरी स्वतः बसून घातलेले होते.

दसरा जवळ आला आणि एका सकाळी इंदापूरच्या गाडीचा कंडक्टर टपावर सामान चढवता चढवता म्हणाला, "मास्तर, तुमच्या जुन्या खात्यात इंदापूरला मोजणीदाराची येक जागा निगालीया म्हनं. दसरा झाला की मुलाखती." इतक्या वर्षांचे ते रोजचे चार शब्द कशासाठी होते, हे मला त्या क्षणी कळले.

मोजणीदार म्हणजे कालव्याच्या पाण्याखाली कोणाचे किती पीक आहे, हे बांधावर जाऊन मोजून लिहिणारा. मला वाटले, मास्तर आता मला इंदापूरच्या हेडक्लार्ककडे पाठवतील. त्यांनी पाठवले एका पाटकऱ्याकडे. फाट्यावर, म्हणजे मोठ्या कालव्यातून निघालेल्या पोटकालव्यावर, फावडे घेऊन फिरणारा, पाण्याची दारे उघडणारा आणि बंद करणारा माणूस.

"आठ दिवस त्यांच्यामागे चाल," मास्तर म्हणाले. "नोकरीची गोष्ट काढू नकोस. काम विचार."

"मास्तर, मी मॅट्रिक आहे."

"हो. ते त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल त्यांना. माझ्यासाठी."

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

निमगावच्या पुढे, पानमळ्यांच्या कडेने जाणाऱ्या फाट्यावर ते पाटकरी, तात्या, भेटले. साठीच्या जवळ आलेले, धोतर, खाकी सदरा, खांद्यावर फावडे. मी नमस्कार केला. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिले.

"मास्तरनं धाडलं व्हय?"

"तुम्ही कसे ओळखलेत?"

"कालव्यावर चपला पुसून येनारा दुसरा कोन असनार? चला. पुसलेल्या हायती तवर चालून घ्या."

मी आठ दिवस चाललो. कालवा कोठे पाझरतो, गवताने पाणी किती अडते, मोजणीत ऊस आणि चाऱ्याचे कडवळ यांची सरमिसळ कशी होते, हे मी शिकलो. संध्याकाळी तात्या फाट्याच्या चौकीत बसून दिवसाचा अहवाल लिहीत. पहिल्या दिवशी मी तो वाचायला घेतला आणि थांबलो. असे अक्षर मी फक्त कित्त्यात पाहिले होते. ओळ न आखता सरळ, काना न् काना एका उंचीचा.

"तात्या, असे अक्षर असून तुम्ही पाटकरीच कसे राहिलात?"

"आवो, पान्याला वाचता येत न्हाय. म्हनून जमलं आमचं," ते म्हणाले आणि कंदिलाची काच पुसू लागले.

चौथ्या दिवशी आम्ही फाट्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचलो. तेथे पाळी असूनही पाणी नव्हते. एक बाई वांग्याच्या रोपांशी उभी होती. रोपे माना टाकून होती.

"तात्या, पानी कवा?"

"येतंय, आक्का."

"मी न्हाय इचारत. रोपं इचारत्यात."

परत येताना तात्यांनी वरच्या बाजूची एक मोरी दाखवली. शेताला पाणी देणाऱ्या मोरीचे माप ठरलेले असते. या मोरीचे तोंड शेजारच्यांच्या दुप्पट होते. त्या बागायतदाराचा ऊस फाट्यावर सर्वांत उंच होता. टोकाची पाळी दर वेळी दोन दिवस उशिरा पोहोचे ती त्यामुळेच. "तीनदा लिवून धाडलं," तात्या म्हणाले. "वर पोचलं का न्हाय, ठावं न्हाय. मोजनीदार नवा आला म्हंजी मोजंल. जुना मोजत नव्हता." मी वहीत माप लिहून घेतले.

सहाव्या दिवशी दादा चौकीवर येऊन उभा राहिला. निमगावला उतरून उन्हातून चालत आला होता. त्याने मुंडाशातून एक लिफाफा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"चिठ्ठी आनली हाय. सायब त्येंचा शबुद मोडत न्हाय म्हनं. दोन तास बंगल्यापुढं उभा हुतो, तवा बाहीर आलं."

मी नाव वाचले. ते त्या उंच उसाच्या मालकाचे होते.

माझी चूक येथे झाली आणि ती मी कोणावर ढकलणार नाही. मला सगळे ठाऊक होते. पण दादाच्या पायांवर धूळ होती, दिवाळीला तीन आठवडे राहिले होते, आणि दोन तास उभ्या राहिलेल्या माणसाला ते पत्र परत देण्याचे धैर्य मला झाले नाही. कागद तो कागद, असे मी स्वतःला सांगितले. तात्या चौकीच्या दारात बसून सर्व ऐकत होते. त्यांनी दादाला पाणी दिले.

मुलाखतीच्या सकाळी मास्तरांनी मला कोट चढवला, टाचण्या लावल्या आणि शिवलेल्या खिशावर दोन बोटे ठेवली. "या कोटाला आतला खिसा लागत नाही," ते म्हणाले. मी हो म्हटले. चिठ्ठी माझ्या टोपीच्या घडीत होती. बाहेर पडताना मी खालच्या आरशात पाहिले, वरच्यात पाहिले नाही.

इंदापूरच्या कचेरीच्या बाकावर आम्ही सात जण होतो. बाकीच्या सहाही जणांचे हात आपापल्या छातीवरच्या खिशांशी होते. माझा नंबर आला. दार लावले, दोन पावले पुढे गेलो, थांबलो. साहेब वाचत होते. टेबलावर काचेच्या वजनाखाली चिठ्ठ्यांची चळत होती.

"तुमची?" त्यांनी वर न पाहता हात पुढे केला.

टोपी काढून, तिची घडी उलगडून, त्यातून कागद काढणारा मनुष्य किती केविलवाणा दिसतो, याची तालीम मास्तरांनी मला दिली नव्हती. मी चिठ्ठी दिली. साहेबांनी ती वाचली, वजनाखाली सरकवली आणि प्रथमच माझ्याकडे पाहिले.

"कालवा पाहिला आहे का कधी?"

"निमगावच्या फाट्यावर आठ दिवस चाललो, साहेब. पाटकऱ्यांबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवले. "कोणी सांगितले होते?"

"काम समजून घ्यावे म्हणून गेलो."

"काय समजले?"

मी सांगत गेलो. पाझर, गवत, कडवळाची मोजणी. ते मध्येमध्ये विचारीत होते आणि मला उत्तरे येत होती. माझा आवाज मला स्वतःला अनोळखी वाटावा इतका स्थिर होता. मग त्यांनी विचारले, "टोकाला पाणी दोन दिवस उशिरा पोहोचते अशी तक्रार आहे. तुमच्या मते कारण काय?"

"वरच्या बाजूला एका मोरीचे तोंड मापापेक्षा मोठे आहे. मी मोजले आहे."

"कोणाच्या शेताची मोरी?"

ते नाव त्यांच्या कोपराजवळ, काचेच्या खाली, मोठ्या सहीत दिसत होते. मला दादाचे धुळीचे पाय दिसले. मग ती वांग्याची रोपे दिसली. 'लक्षात नाही' असे म्हटले असते, तर तेथेच सगळे भागले असते.

"साहेब," मी म्हणालो, "माझी चिठ्ठी मला परत मिळेल का? ती आपल्या वजनाखाली असताना मला त्यांचे नाव घेता येत नाही."

साहेबांनी वजन उचलले. वरचा कागद पुन्हा एकदा, सावकाश, सहीपर्यंत वाचला. मग तो माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला आणि नाव सांगितले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

"ठीक आहे. या."

घरी पोहोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होते. दादा निकाल ऐकायला येऊन बसला होता. मी घडले ते सांगितले. तो उठून उभा राहिला.

"ज्येच्या चिठ्ठीवर गेलास, त्येचंच नाव सांगितलंस? आरं, मी दोन तास उभा हुतो रं!" त्याने मास्तरांकडे पाहिले. "ह्येच शिकिवलं व्हय तुमी? दिवाळीला औताला ये म्हनावं ह्येला." तो निघून गेला. मला त्याच्यावर रागावता आले नाही.

मास्तर छत्रीची मूठ पुसत बसले. मग म्हणाले, "बाहेर येताना दार लावलेस का?"

मला आठवेना. "नाही बहुतेक."

"सात वेळा शिकवले होते," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "कोट दे. आणि ती चिठ्ठी दे."

चिठ्ठी त्यांनी उघडली नाही. मांडीवर कोट घेऊन त्यांनी शिवलेल्या खिशावरून अंगठा फिरवला.

"हा कोट माझ्या मुलाखतीचा. त्या दिवशी बाकावर आम्ही दोघेच होतो. दुसऱ्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले, हिशेब माझ्यापेक्षा पक्का. जागा कारकुनाची, एकच. माझ्या या खिशात मामांची चिठ्ठी होती, त्याच्या खिशात काही नव्हते. साहेबांनी मला विचारले, बाहेर बसलेला मुलगा कसा आहे? तुम्ही एकत्र शिकलात ना? मी चिठ्ठीकडे पाहिले आणि म्हणालो, बरा आहे." त्यांनी कोटाची बाही सरळ केली. "त्याला पाटकऱ्याची जागा मिळाली. मी निवृत्त होईपर्यंत रोज त्याचे अहवाल माझ्या टेबलावर आले. रोज त्याने मला सलाम केला. त्या अक्षरात आलेला एकही कागद मी अडवला नाही, पण एवढ्याने काय होते?"

"तात्या?" मी विचारले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "तोही मॅट्रिक. मी धाडलेला मॅट्रिकचा मुलगा दिसला की मी अजून ते विसरलेलो नाही हे त्याला कळते, आणि त्याला माझे वाईट वाटते." मग त्यांनी मला हाक मारली, माझ्या नावाने, वडिलांच्या नावासकट. नेमणुकीचा कागद अजून आलेला नव्हता आणि येईल असे आम्हा दोघांनाही वाटत नव्हते.

"तू तुझी परत मागितलीस," ते म्हणाले. "मी माझी मागितली नाही."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तर स्वतः कागद घेऊन आले. त्यांना आरतीही ऐकवायची होती. मास्तरांनी ती शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकली, मगच मला लिफाफा उघडू दिला. दादाला निरोप गेला. तो आला, कागद उलटसुलट करून पाहिला, त्यातले त्याला वाचता येणारे माझे नाव दोनदा वाचले आणि म्हणाला, "बैल इकतो येक." जाताना दारात थबकून त्याने खालच्या आरशात आपल्या टाचा पाहिल्या. मास्तरांनी ते पाहिले, पण शिष्टाचार म्हणून दुसरीकडे तोंड केले.

पुढे मी त्याच खात्यात वाढत गेलो. मास्तरांना मी दर महिन्याला पत्र लिहीत असे, आणि माझ्या पत्रातल्या चुका ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीत. त्यांचे उपकार मोजू लागलो, तर वही पुरायची नाही. पण त्यांच्याकडून घेतलेल्या साऱ्या धड्यांत मी एक सकाळ वेगळी ठेवली आहे.

ती माझी कचेरीतली पहिली सकाळ होती. मला टेबल मिळाले होते, खुर्ची मिळाली होती. दार हळूच उघडले, आवाज न करता लावले गेले, आणि आत आलेला मनुष्य दोन पावले पुढे येऊन थांबला. हातात दिवसाचा अहवाल होता. तात्यांनी सलाम करण्यासाठी हात उचलला.

दारातून आत कसे यावे, हे मास्तरांनी मला सात वेळा शिकवले होते. आत आलेल्या माणसासाठी खुर्चीतून उठावे, हे त्यांनी कधी शिकवले नाही; बहुधा त्यांना ते स्वतःला जमले नव्हते. मी उठून उभा राहिलो. तात्यांचा हात अर्ध्यावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे.

"चपला पुसलेल्या हायती," ते म्हणाले. "मळवू या. टेप घ्या सायेब, मोरी मोजायची हाय. दुसरं टोक मी धरतो."